पोह्यात बांधलेले गोळे

भोसरी, ता. ९ सप्टेंबर १९५७

चि. शालन हिला सोपानरावाचा आशीर्वाद.

पोर सुखरूप आहे, हे आधी. बाकीचं मग.

परवा तू मंजुळाला ओट्यावर बसवून गेलीस आणि चहाच्या कपाला हातही लावला नाहीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझ्या सासूनं तो चहा म्हशीच्या घमेल्यात ओतला. म्हशीनंही तो प्यायला नाही, म्हणून घरात आणखी एक बोलणं झालं. तेवढंच.

पुण्याच्या डॉक्टरचं सांगणं तू जसं बोललीस तसं मी मनात घोळवून ठेवलं आहे. गहू नाही. रवा, मैदा, पाव, बिस्किट, शेवया, काही नाही. तेलतूप बेतानं. आणि ताकद यायला मांस, तेही बिनचरबीचं. गव्हानं लेकरू वाळतं हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण डॉक्टर विलायतेहून शिकून आला आहे, आणि पोर तर डोळ्यांसमोर आहे. हातपाय काड्या, पोट घागर. चार वर्षांची आहे असं कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

गव्हाची अडचण नाही. आपल्याकडं बारा महिने भाकरी, चपाती सणाला. अडचण मांसाची आहे. आमचा हिंदुराव होता तेव्हा बाहेर कुठं जत्रेत खायचा ते मला ठाऊक होतं, पण घरात कधी आलं नाही. आम्हा दोघांच्या गळ्यात माळ. मी विषय काढला तर तुझी सासू म्हणाली, "ह्या चुलीवर मटान शिजणार न्हाई. माझ्या मड्यावर शिजवा."

मी म्हणालो, "मड्यावर शिजवायला लाकडं लई लागतील."

त्यावर दोन दिवस अबोला आहे. मी पत्र लिहायला बसलो त्याचं एक कारण तेही.

जाताना तू म्हणालीस, पोर सुधारली नाही तर मिरजेच्या तुझ्या नर्सिंग शाळेच्या बाईंनी सांगितलेल्या आश्रमात ठेवीन, परत इथं आणणार नाही. ते मी ऐकलं. आत चुलीपाशी बसलेल्या माणसानंही ऐकलं. एकुलता हिंदुराव गेला, त्याच्यामागं आम्हाला तेवढं एकच आहे, हे तुला सांगायला नको. पण पोर तुझी आहे. आम्ही झटून बघतो.

मामंजी

भोसरी, ता. २७ सप्टेंबर १९५७

चि. शालन,

उत्तर आलं नाही. शिकणाऱ्या माणसाला वेळ नसतो, असं मी घरात सांगितलं आहे.

कोंबड्यांचं म्हणशील तर आषाढात मानमोडी आली आणि गावातली खुराडी ओस पडली. अंडंदेखील मिळत नाही. बकऱ्याचं मटण दत्तोबाच्या घरून शिजवून आणलं, वरचा तवंग काढून दोन घास दिले, तर पोरीचं पोट रात्रभर वाहिलं. मग कोणी तरी सांगितलं, दिघीला ज्योतीराम आहे त्याच्याकडं जा.

हा ज्योतीराम साताऱ्याकडचा. पलटणीच्या मेसमध्ये आचारी होता, आता लष्कराच्या हद्दीला लागून छपरी टाकून टर्की पाळतो. टर्की तू पाहिली आहेस का? कोंबड्याच्या चौपट अंग, गळ्याला लाल कातडं लोंबतं, आणि चालणं असं की पाटलानं वाट द्यावी. नाताळात खडकीचे साहेब लोक नेतात. मानमोडीत गावच्या कोंबड्या पटापट पडल्या, ह्यांना काही झालं नाही. ज्योतीराम म्हणतो छातीच्या मांसाला चरबी नावाला नाही. ऐकून जीव भांड्यात पडला, आणि मग वाटलं, एवढं धूड चार वर्षांच्या पोरीला कसं पुरवून घालायचं. कापलं की त्याच दिवशी संपलं पाहिजे.

तर तोड निघाली. ज्योतीराम शनिवारी एक पक्षी कापतो आणि बकऱ्याचे घालतात तसे वाटे घालतो. सात-आठ गडी येतात, पळसाच्या पानावर आपापला वाटा घेऊन जातात. छातीचा वाटा माझा ठरला आहे. शनिवारी मी पहिल्यांदा त्या ओळीत उभा राहिलो. बबनराव कुस्तीवाला पुढं होता. माझ्या गळ्याकडं बघून म्हणाला, "बुवा, वाट चुकलात जणू. हितं अभंग न्हाई, टंगडी हाय."

मी म्हणालो, "टंगडी तू घे. मला छातीचं पाहिजे."

सगळे हसले. हसू देत. वय झालं की हसण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. पण शालन, परत येताना पान धोतराच्या सोग्याखाली धरून आलो, हे तुला लिहितो. इतरांना सांगू नकोस.

मामंजी

भोसरी, ता. १३ ऑक्टोबर १९५७

चि. शालन,

आता हात बसला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुढं तुला उपयोगी पडेल.

गोठ्यामागं तीन दगड मांडले आहेत. पातेलं वेगळं, सुरी वेगळी, पाट वेगळा. ते घराचा उंबरा ओलांडत नाहीत. तुझी सासू त्या बाजूला शेण टाकायलाही जात नाही. पोरगी मात्र सकाळपासून तिथंच घुटमळते.

मांसाचे तुकडे नुसते शिजवून दिले तर ते दोरखंडासारखे होतात, पोरीला चावत नाहीत. ज्योतीराम म्हणाला, खिमा करून गोळे करा, साहेबाची पोरं तेच खायची. खिमा करायचं यंत्र माझ्याकडं नाही. बाभळीच्या ओंडक्यावर सुरीनं बारीक करतो. खांदा भरून येतो. मग हळद, मीठ, आलं, कोथिंबीर, आणि दुधी किसून, पिळून. दुधीनं गोळा मऊ राहतो, नाहीतर हे मांस लाकूड.

घोडं अडलं ते गोळा वळताना. मेसमध्ये पाव भिजवून घालत. मी म्हणालो, पाव चालत नाही, गहू आहे. ज्योतीराम म्हणाला, "पाव न्हाई तर गोळा न्हाई. चाळीस वर्सं केलंय मी."

बेसन घालून पाहिलं, पोरगी म्हणाली कडू. तांदळाचं पीठ घातलं, गोळी बंदुकीची झाली. एकदा काहीच घातलं नाही, तर उकळत्या पाण्यात सगळं सुटून नुसती पेज. दोन शनिवार वाया गेले. त्या दिवशी पातेलं पुढ्यात घेऊन नुसताच बसलो होतो. आतून आवाज आला, "पोह्यं भिजवून घाला की. पापडात घालतोच ना."

अबोला चालू असताना बोललेलं ते वाक्य. मी वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

पोहे फार भिजवायचे नाहीत; कोरडेच चुरायचे, वर पाण्याचा हबका मारायचा, खिम्यात मळून ठेवायचं. गोळा लिंबाएवढा. उकळत्या पाण्यात अलगद सोडायचा, तळायचा नाही. वर तरंगला की अजून थोडा वेळ राहू द्यायचा. फोडून पाहिला, आत गुलाबी नाही, आणि फुटतही नाही. ज्योतीरामला नेऊन दाखवला. त्यानं खाल्ला आणि म्हणाला, "ह्ये मेसमदी चाललं नसतं." आणि दुसरा उचलला.

पण खाणारीनं तोंड मिटलं. म्हणे, "आज्या, तू खा. मंग मी."

मी म्हणालो, मी नंतर खातो. ती म्हणाली, "तू फेकून देशील." पोर लहान आहे, मूर्ख नाही. हे लोक आपल्याला असलं काय घालतात जे स्वतः तोंडात घालत नाहीत, असं तिला वाटणारच.

मी माळ काढली, देवळीत ठेवली आणि खाल्लं. चव विचारू नकोस. पोरीनं दोन खाल्ले.

तेव्हापासून तुझी सासू माझं ताट पडवीत वाढते. भांडत नाही, काही नाही. ताट वाढते, वर तूपही घालते, आणि आत जाऊन एकटी जेवते. चाळीस वर्षं समोरासमोर बसून जेवलो. तिच्याही बाजूनं तिचं बरोबर आहे.

दमलो आहे, पण पोर खाते.

मामंजी

भोसरी, ता. २ नोव्हेंबर १९५७

चि. शालन,

तुझं कार्ड पोचलं. "वजन वाढलं का, खरं लिहा," एवढंच होतं, तरी बरं वाटलं. अक्षर तुझं सुधारलं आहे.

दिवाळी झाली. करंज्या केल्या नाहीत, पोरीला दिसू नयेत म्हणून. तांदळाच्या पिठाची बोरं केली. कारखान्याच्या वसाहतीतून फटाक्यांचे आवाज येत होते, तिनं कान झाकले नाहीत. धीट आहे, हिंदुरावासारखी.

गिऱ्हाईक वाढल्यानं ज्योतीराम आता आठवड्यात तीनदा पक्षी कापतो, म्हणून गोळे रोज नाही तरी तीनदा होतात. मधल्या दिवसांत मुगाचं वरण, भात, नाचणी. सासू तिला जीव लावते, ह्यात शंका नको. पोट फुगतं म्हणून गुळात हिंगाची गोळी करून सकाळ-संध्याकाळ देते, वरणातही घालते. स्वतः मांडीवर घेऊन पोट चोळते.

वजनाचा काटा इथं कुठं. बरी आहे.

मामंजी

भोसरी, ता. २४ नोव्हेंबर १९५७

चि. शालन,

मागच्या पत्रात बरी आहे लिहिलं, ते खरं नव्हतं. बरी नव्हती. दिवाळीच्या आधी चार दिवस अंगावर तजेला दिसला आणि परत सगळं मुळावर आलं. जुलाब, चिडचिड, पोट तट्ट. रात्री उठून माझ्या पायाशी येऊन निजायची. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू आली असतीस आणि घेऊन गेली असतीस. तू दुसऱ्या कार्डात लिहिलंस की आश्रमात बोलणं झालं आहे, संक्रांतीला येते आणि नेते. ते मी घरात वाचून दाखवलं. तुझी सासू चुलीतली राख ओढत होती, ती ओढतच राहिली.

आता ऐक. कळलं आहे.

चार दिवसांमागं हिंग संपत आला. मी अर्जुनराव वाण्याकडं गेलो. म्हणालो, "जरा तिखट हिंग दे. हा पुळचट हाय. पोरीच्या पोटाला गुण येत न्हाई."

तो म्हणाला, "तात्या, ह्यो बांधणीचा हिंग. ह्याला गुण कुठनं येणार. नुसता खडा पायजे तर पुण्यास्नं मागवावा लागंल."

"बांधणीचा म्हंजी?"

"नुसता हिंग जिभंला सोसत न्हाई. डिंक न् मैदा घालूनच बांधत्यात. निम्म्याच्या वर मैदाच असंल."

गिऱ्हाइकं मागं होती. त्यानं विचारलं, "किती बांधू?" मी तसाच बाहेर पडलो.

शालन, मला तो रस्ता संपेना. पाव टाळला, रवा टाळला, करंज्या केल्या नाहीत, मांसासाठी माळ उतरवली, आणि सकाळ-संध्याकाळ पोरीला मैद्याची गोळी. पोट जास्त फुगलं की गोळी मोठी. सगळ्या गावात हिंग कोणी पीठ म्हणून बघत नाही. मी स्वतः पुडी आणून देत होतो.

घरी येऊन दोन दिवस खरं सांगितलं नाही. डबा उचलून गोठ्यात लपवला, म्हणालो हिंग संपला, वाण्याकडंही नाही. सांगायचं कसं? तिच्या हातात तेवढंच एक होतं. मांसाला तिला हात लावता येत नव्हता, तर हिंगाच्या गोळीत तिनं सगळी माया घातली होती. आणि ते तुला लिहिलं तर तू तिचं तोंड पुन्हा बघणार नाहीस, हेही दिसत होतं. हिंदुराव गेल्यावर ती तुला जे बोलली, की विधवेनं दवाखान्यात परक्या माणसांची अंगं पुसायला जायचं तर ह्या घरात परत यायचं नाही, ते तू विसरली नसशील. मी तेव्हा अंगणात होतो.

तर मी ठरवलं, गप्प बसावं. हिंग बंद, पोर सुधारेल, कोणाला कळायचं कारण नाही.

काल तिला गोठ्यात डबा सापडला. घेऊन माझ्यापुढं आली. "हिंग संपला म्हनला. ह्यो काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती उभी होती ती खाली बसली. रडली नाही. डबा मांडीवर धरून त्याचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "शालनला लिवलं?"

"न्हाई. लिवत न्हाई."

"का?"

"ती पोर घिऊन जाईल."

"मग जाऊ द्या घिऊन. तिची पोर हाय. पोटात काय गेलं त्ये आईला कळाया नगं? तुमी तिला बरी हाय म्हनून लिवत बसलाय. कागूद घ्या."

म्हणून हा कागद. ती समोर बसून सांगते आहे ते तसंच लिहितो: "शालन, गहू माझ्या हातानं गेला. ह्यांच्या न्हवं. मला ठावं नव्हतं, पन गेला. तू शिकतीयास, तुला ह्यातलं कळतं, मला न्हाई. पोरीला काय द्यायचं, काय न्हाई, त्ये तूच लिव. संक्रांतीला ये. न्यायची तर ने. मी आडवी येनार न्हाई."

एवढं सांगून ती उठली आणि पोरीच्या अंगावर पांघरूण घालायला गेली. मला वाचून दाखवा म्हणाली नाही.

मामंजी

भोसरी, ता. २२ डिसेंबर १९५७

चि. शालन,

तुझं पत्र आलं. चारी बाजू भरून लिहिलेलं तुझं पहिलंच. त्यात आम्हाला बोल लावलेला नाही, नुसतं काय द्यायचं तेवढं. त्यानंच जीव जास्त लाजला. तयार मसाले बंद केले, मिरची-हळद घरी कुटतो. जातंही धुऊन काढलं, कारण त्याच्यावर कधीमधी गहू दळतात, हे तू लिहिलंस म्हणून सुचलं.

पोरीचं पोट उतरतं आहे. मी हे जपून लिहितो, कारण माझ्या लिहिण्यावर तुझा भरवसा राहिला नसेल. जुलाब थांबले. परवा म्हशीच्या मागं पळाली.

मला मध्यंतरी हिवताप आला. शनिवार होता. ज्योतीरामनं छातीचा वाटा माणसाबरोबर धाडला आणि मी गोधडीत. पान पडवीत तसंच. मांजर घिरट्या घालायला लागलं. मी उठायला गेलो तर डोळ्यांपुढं अंधारी.

तुझी सासू आली. पदर नाकावरून घेऊन मागं गाठ मारली. पान उचललं, गोठ्यामागं गेली. ओंडक्यावर सुरीचा आवाज यायला लागला. मी आतून सांगत होतो, मीठ एवढं, दुधी पिळून घे. ती म्हणाली, "गप पडा. रोज ऐकू येतं मला."

शेजारची विमलबाई कुंपणावरून डोकावली. "अगं बया, रुक्मिनी, तू?"

"व्हय, मी. तुला वाटा पायजे का?"

विमलबाई गेली. पोरगी पाच गोळे खाऊन परत मागत होती. माझे कधी तिनं तीनच्या वर खाल्ले नाहीत. मला जरा लागलंच. आता दर खेपेला तीच करते. स्वतः खात नाही, माळ गळ्यात आहे. चव कळावी म्हणून पाण्यातलं मीठ चाखते, मांस टाकायच्या आधी.

माझं ताट अजून पडवीतच आहे. ते मी मागत नाही.

संक्रांतीला तू येणार. पोरीचे दोन परकर शिवून ठेवले आहेत, नेताना लागतील म्हणून. शिवताना सुई किती वेळा अडली ते मी मोजलं नाही.

मामंजी

भोसरी, ता. १९ जानेवारी १९५८

चि. शालन,

गाडीत जागा मिळाली असेल. मिरजेला थंडी असेल, शाल वापर.

आलीस तेव्हा मंजुळा तुझ्याकडं पळत आली आणि तू तिला कडेवर घेतलंस. वजनानं तुझी कंबर जरा वाकली, तेव्हा आम्ही दोघं तुझ्या तोंडाकडं बघत होतो. दोन दिवस राहिलीस. सासूच्या मागं गोठ्याशी उभी राहून गोळे वळताना पाहिलंस, एक फोडून पाहिलास. निघताना पोरीचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं. तू ते उचलून परत आत ठेवलंस आणि म्हणालीस, "आत्याबाईंनी स्वतः सांगितलं नसतं तर नेलीच असती. माझी परीक्षा होईपर्यंत राहू दे."

त्यावर तुझी सासू काहीच बोलली नाही, ह्याचं तुला वाईट वाटलं असेल. तू गेल्यावर काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

गाडी गेल्यावर पोरगी रडली. मी म्हणालो, उद्या येईल तुझी आई. तुझी सासू मला म्हणाली, "खोटं सांगू नगा तिला. लई सांगून झालं." आणि पोरीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरायला बसली.

तेवढ्यात विमलबाई वाण घेऊन आली. पोरीला बघून तिनं ओठ मुडपले. म्हणाली, "सून आली न् गेली म्हनं. लेकराला टाकूनच गेली की पुन्यांदा."

तुझ्या सासूनं फणी थांबवली नाही. गुंता सोडवत सोडवत म्हणाली, "टाकून कशी जाईल. मिरजंला नर्स व्हायला शिकतीया माझी सून. तिची परीक्षा हाय. तवर लेक माझ्या भरवशावर ठिवलीया तिनं."